हिममानव पटावर कसा आला

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल की, इतिहासाच्या व्याख्यानात हिममानवाचे काय काम? ज्याचे अस्तित्वच सिद्ध झालेले नाही, त्याचा इतिहास तो कसला? शंका रास्त आहे. परंतु प्राणी नसला तरी त्याच्याविषयीच्या समजुतीला इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा खऱ्या प्राण्याच्या इतिहासाहून नीट सांगता येतो. वाघ स्वतःविषयी काही लिहून ठेवीत नाही. समजूत मात्र बोलली जाते, तारेने धाडली जाते, छापली जाते, आणि प्रत्येक ठिकाणी आपला कागद मागे ठेवून जाते. अशाच एका समजुतीचा माग मला आज काढावयाचा आहे. ती हिमालयातील शेर्पांच्या वस्तीत निघाली आणि अमेरिकेतील एका बैठ्या खेळाच्या ग्रंथात जाऊन बसली. वाटेत तिचे काय झाले, हा खरा विषय.

प्रथम त्या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वडीलधाऱ्या मंडळींपैकी अनेकांनी तो पाहिलेला नसेल. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार. बाकीचे एकेक सोंग घेतात: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी आला आहात, आतून घोरण्याचा आवाज येतो आहे." मग प्रत्येकाने आपल्या सोंगाला शोभेल असे वागावयाचे आणि ते बोलून दाखवावयाचे. जेथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तेथे फासे टाकतात. फासेही आपल्या सोंगट्यांच्या फाशांसारखे नव्हेत. त्यांतला एक तर वीस बाजूंचा असतो. या खेळात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे चालते, इतकेच.

याचे मूळ मात्र लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने नकाशावर लढाई खेळण्याची पद्धत बसविली. तिच्यात पंच होता, फासे होते आणि कोणत्या तुकडीची किती हानी झाली याची कोष्टके होती. पुढे हे युद्धखेळ नागरिकांच्या हौसेचा विषय झाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या छोट्या गावी गॅरी गायगॅक्स नावाचा एक हौशी खेळाडू होता. विमा कंपनीतील नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करून तो संसार चालवीत असे. १९७१ साली त्याने जेफ पेरेन याच्यासह मध्ययुगीन लढायांच्या खेळाची नियमावली काढली आणि तिच्या शेवटी मांत्रिक, ड्रॅगन वगैरेंचे एक परिशिष्ट जोडले. मिनेसोटातील डेव्ह अर्नेसन याने त्याच सुमारास सैन्याच्या जागी एकेक माणूस आणि रणांगणाच्या जागी तळघर आणून पाहिले. दोघांनी मिळून जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार. पेटीत तीन पुस्तिका होत्या, आणि त्यांतली एक केवळ राक्षस व खजिने यांची होती.

लष्करी कोष्टकाचा वारसा ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यातून निघते. फाशाला संख्या लागते. घोडदळाच्या तुकडीला जशी चाल, मारा आणि सहनशक्ती असते, तशीच ती ड्रॅगनलाही असली पाहिजे, नाही तर पटावर त्याचे काही चालणार नाही. १९७७ साली या खेळाचा राक्षसकोश निघाला. साडेतीनशेहून अधिक प्राणी त्यात होते आणि प्रत्येकाच्या नावाखाली तेच ते रकाने: हा कितीदा आढळतो, एका वेळी किती आढळतात, वेग किती, किती घाव सोसतो, किती इजा करतो, बिऱ्हाडात किती संपत्ती ठेवतो, बुद्धी किती, वृत्ती सज्जन की दुर्जन. ब्रिटिश अमदानीतील जिल्ह्याचे गॅझेटियर ज्यांनी चाळले असेल त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

साडेतीनशे प्राणी आणावयाचे कोठून? जेथून मिळतील तेथून. ग्रीक पुराणे, युरोपातील लोककथा, टॉल्किनच्या कादंबऱ्या, चित्रपट, आणि एक गंमत म्हणजे हाँगकाँगची प्लॅस्टिकची खेळणी. प्रागैतिहासिक प्राणी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त पाकिटात काही चमत्कारिक आकृत्या निघाल्या. त्यांवरून लोखंड खाणारा एक प्राणी आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल अशी मंडळी तयार झाली आणि आजतागायत ती त्या खेळात नांदत आहेत. टॉल्किनच्या बाबतीत मात्र अडचण आली. त्याच्या ग्रंथांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी तक्रार केली, आणि 'हॉबिट', 'एन्ट', 'बॅलरॉग' ही नावे काढून त्यांच्या जागी दुसरी घालावी लागली. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. ज्या प्राण्याला कागदोपत्री मालक होता त्याच्या वतीने वकील उभा राहिला. ज्याला मालक म्हणजे डोंगरातली चार खेडी, त्याच्या वतीने कुणी उभे राहिले नाही, आणि तसे कुणाला सुचलेही नाही.

आता हिममानवाकडे वळू. १९२१ साली एव्हरेस्टच्या वाटा धुंडाळण्यासाठी पहिली ब्रिटिश तुकडी तिबेटच्या बाजूने गेली. तिचा नेता लेफ्टनंट कर्नल हॉवर्ड-बरी. सप्टेंबर महिन्यात ल्हाक्पा ला या खिंडीच्या वाटेवर वीस हजार फुटांच्या पुढे त्यांना बर्फात पावले उमटलेली दिसली. हॉवर्ड-बरीचा स्वतःचा अंदाज असा की, ती उड्या टाकीत गेलेल्या लांडग्याची असावीत. मऊ बर्फात ती पसरून माणसाच्या पावलांसारखी दिसत होती. बरोबरचे हमाल मात्र म्हणाले, हा 'मेतोह-कांगमी'. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राचा लेखक हेन्री न्यूमन याने दार्जिलिंगला परतलेल्या हमालांशी बोलून बातमी लिहिली. 'कांगमी' म्हणजे हिमातला माणूस, हे ठीक. परंतु 'मेतोह' या शब्दाचा अर्थ त्याने 'घाणेरडा' असा घेतला आणि त्याला इंग्रजीत एक भारदस्त विशेषण बहाल केले. 'किळसवाणा हिममानव' या अर्थाचे ते नाव जगभर गेले. जाणकारांच्या मते मूळ शब्दात किळस कोठेच नव्हती. त्याचा अर्थ माणूस-अस्वल असा काहीसा होता. बातमीदाराला दोष देण्यात आता अर्थ नाही. पण हे नाव त्या शब्दाच्या खऱ्या अर्थासह गेले असते, तर त्याच्यामागे इतक्या मोहिमा निघाल्या असत्या काय, असा प्रश्न पडतो.

जाता जाता एक खुलासा. आपल्याकडे 'यती' हा शब्द ऐकला की जटाधारी संन्यासी डोळ्यांपुढे उभा राहतो आणि कुणाकुणाला वाटते की, हिममानव म्हणजे तप करीत राहिलेला एखादा योगीच. हा केवळ नामसादृश्याचा खेळ आहे. हा 'यती' तिबेटी शब्दावरून आलेला असून त्यातही खडकाळ जागा आणि अस्वल यांचाच संबंध सांगतात. संस्कृत यतीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नोव्हेंबर १९५१ मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर पावलांची छायाचित्रे घेतली. मापासाठी शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेले ते चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्याबरोबर सेन तेनसिंग नावाचा शेर्पा होता. दोन वर्षांपूर्वी त्याने थ्यांगबोचे मठाजवळ यती पाहिला होता असे तो सांगे, आणि त्याचे वर्णन असे: उंची सुमारे साडेपाच फूट, डोके निमुळते, अंगावर तांबूस तपकिरी केस, चेहरा मात्र केसांविना. श्रोत्यांनी हा रंग लक्षात ठेवावा. शेर्पांच्या यतीला पांढरा रंग नाही. बर्फातून तो फक्त येतो-जातो, त्याचा वास कुरणांच्या आणि झाडांच्या आसऱ्याला, जेथे याक चरतात. त्याच्याविषयीचे लोकज्ञानही फार मजेचे आहे. यती मागे लागला तर चढावर पळू नये, उतारावर पळावे, कारण उतरताना त्याचे केस डोळ्यांवर येतात. आणि त्याचे दर्शन शुभ नव्हे. ज्याला तो दिसला त्याच्यावर आजार वा अरिष्ट येते. म्हणजे यती दिसला हे सांगण्यात फुशारकी नाही, भीती आहे. पाश्चात्त्य मोहिमा तर निघाल्या त्या दर्शनासाठीच!

१९५४ साली लंडनच्या 'डेली मेल' पत्राने खास मोहीम पाठविली. पाठोपाठ टेक्सासचा तेलधनिक टॉम स्लिक याच्या मोहिमा झाल्या. परदेशी बंदुका डोंगरात फिरू लागलेल्या पाहून नेपाळ सरकारने नियम केले. यतीचा शोध घ्यावयाचा तर पाच हजार रुपये शुल्क भरावे. त्याचे छायाचित्र घ्यावे, जमल्यास त्याला जिवंत धरावे. परंतु स्वतःचा जीव वाचविण्याची वेळ आल्यावाचून त्याला मारू नये. छायाचित्रे व अहवाल सरकारला सादर करावेत. नोव्हेंबर १९५९ मध्ये काठमांडूतील अमेरिकन वकिलातीने हे नियम आपल्या सरकारला कळविले, तो कागद उपलब्ध आहे. काही जण त्याला हसतात. मला तो कागद शहाणपणाचा वाटतो. प्राणी आहे की नाही याचा निकाल लागलेला नसताना सरकारने त्याच्या जिवाला संरक्षण दिले, आणि आपल्या डोंगरात येऊन कुणी काय करावे हे ठरविण्याचा हक्कही बजावला.

पुढच्याच वर्षी एडमंड हिलरी मोहीम घेऊन आला. खुमजुंग गावच्या मठात यतीचे म्हणून एक शिरस्त्राण जपून ठेवलेले होते. ते त्याने मुदतीवर मागून घेतले. गावचा वडीलधारा खुमजो चुंबी वस्तूबरोबर शिकागो, पॅरिस, लंडन असा फिरून आला. तपासात निघाले की, ते सेरो नावाच्या डोंगरी जनावराच्या कातड्याचे घडविलेले आहे. वस्तू गावाला परत मिळाली आणि १९६१ साली हिलरीने खुमजुंगला शाळा काढली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची आनुवंशिक तपासणी झाली. आठ अस्वलांचे ठरले, एक कुत्र्याचा. तरीही २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या भारतीय सेनेने मकालूच्या तळाजवळ बत्तीस इंच लांबीची पावले दिसल्याचे जाहीर केलेच. समजूत अशी सहजासहजी निवृत्त होत नाही.

ही कथा खेळात आली तेव्हा तिच्यातले काय राहिले? १९७७ च्या कोशातील यती पांढऱ्या लांब केसांचा आहे. थंडीची त्याला बाधा नाही. त्याच्या मिठीतला गारठा माणसाला इजा करतो आणि अचानक समोर आला तर त्याच्या दर्शनाने माणूस भीतीने ताठून जातो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याची नजरच गोठविणारी आहे, आगीला तो भितो, त्याची वृत्ती दुष्ट म्हणून नोंदलेली आहे, आणि त्याला ठार केल्यास खेळाडूंच्या खाती सातशे अनुभवगुण जमा होतात. हा पांढरा रंग कोठून आला? सेन तेनसिंगकडून नक्कीच नाही. 'हिममानव' या शब्दातल्या हिमातून तो आला. चित्रपटांनी आणि चित्रकथांनी आधीच त्याला पांढरे करून ठेवले होते. दार्जिलिंगच्या एका मुलाखतीत घडलेले भाषांतर छप्पन्न वर्षांनी फाशांच्या नियमांत जाऊन बसले. हिमाचा माणूस, म्हणून पांढरा. पांढरा, म्हणून थंड. थंड, म्हणून आगीला भिणारा. तर्क बिनचूक आहे, फक्त पहिली पायरी वर्तमानपत्राची आहे. आणि ज्याला मारू नये असा एका सरकारचा नियम होता, त्याला मारण्याचे सातशे गुण!

खेळ लिहिणाऱ्यांचा यात हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. लेक जिनीव्हाला शेर्पा नव्हते. ग्रंथालय होते, चित्रपटगृह होते. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती खेळाच्या बाजूनेच आहे. उतारावर पळावे हा नियम घ्या. खेळाला याहून सुरेख नियम कोणता मिळणार? खेळाडूंपैकी ज्याने गावातल्या म्हातारीशी दोन शब्द बोलून घेतले असतील तोच वाचेल. दर्शन अशुभ, हेही घ्या. यतीला पाहून आलेल्या माणसाला गाव घरात घेईल की नाही, यावर सगळी रात्र रंगेल. मूळ कथेत हे सारे होते. गाळले गेले ते कारण रकान्यांत त्याला जागा नव्हती.

आपल्या राक्षसाचीही या कोशात गाठ पडते, आणि त्याचा प्रवास तर अधिक विलक्षण आहे. वाघाच्या तोंडाचा, उंची वस्त्रे ल्यालेला राक्षस १९७७ च्या कोशात आहे. ज्याच्यावर आपला विश्वास त्याचे रूप तो घेतो, आणि मंत्रून दिलेल्या तिराने मरतो. आपल्याला वाटेल की कुणी रामायण वाचले असावे. खरा दुवा डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या एका भयकथेचा आहे. तीत शिकागोतील एका वस्तीत राक्षस शिरतो आणि बळीच्या जिव्हाळ्याच्या माणसाचे रूप घेतो. एक वृद्ध हिंदू त्याच्या पाठीवर असतो, आणि अभिमंत्रित तीर हेच त्याचे शस्त्र. मारीचाचे सुवर्णमृग, रामाच्या आवाजातली हाक ही माया अशा आडवळणाने का होईना, पण शाबूत पोहोचली. वाघाचे तोंड मात्र वाल्मीकीच्या घरचे नाही. पण मला सलतो तो वृत्तीचा रकाना. तेथे राक्षसजातीपुढे 'दुष्ट' असे एकदाच लिहिले आहे. मग बिभीषणाने कोठे जावे? हिडिंबेने? घटोत्कच तर पांडवांच्या बाजूने लढताना पडला. आपल्या कथांनी राक्षसांतही माणसे निवडली; रकान्याला तेवढी सवड नाही.

सर्वच रूपांतरे अशी फसतात असे नाही. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पॉइंट प्लेझंट या गावी नोव्हेंबर १९६६ मध्ये दोन तरुण जोडप्यांनी रात्री एक पंखांचा, लाल डोळ्यांचा माणसाएवढा प्राणी पाहिल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याला 'पतंगमानव' केले. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी गावाजवळचा ओहायो नदीवरील पूल वाहनांसह कोसळला आणि सेहेचाळीस माणसे गेली. साखळीच्या एका लोखंडी दुव्याला तडा गेला होता, हे चौकशीत निष्पन्न झाले. पण गावाने दोन गोष्टी जोडल्या: तो अपघाताची सूचना द्यायला आला होता. आज गावात त्याचा पुतळा आहे आणि वर्षाला उत्सवही भरतो. 'पाथफाइंडर' नावाच्या दुसऱ्या एका खेळाच्या कोशात हा प्राणी घेताना लेखकांनी त्याला नुसते हिंस्र पाखरू केले नाही. त्याला नियतीचा दूत ठरविले; घटना ठरल्या दिशेने जावी म्हणून तो मधे पडतो, आणि खेळाडूंना कळत नाही की हा मारायला आला आहे की सांगायला. सेहेचाळीस घरांचे दुःख खेळात आणणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद होतील. पण गावाला तो प्राणी कशासाठी हवा होता, एवढे तरी त्या लेखकांनी विचारलेले दिसते.

हे रकान्यांचे प्रकरण आपल्याला परके नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी हत्या केली, हे आपण सारे जाणतो. हे जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते आणि लोकसमजुतींचे संग्राहकही. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या धाडून त्यांनी माहिती जमविली होती. त्यांच्या पश्चात एन्थोवेन यांनी ती संपादून कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध केला. त्यात वेताळ, समंध, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, हडळ असे सारे बिऱ्हाड क्रमवार लावलेले आहे: कोण मेल्यावर कोणते भूत होते, ते कोठे राहते, कुणाला धरते. कोकणातल्या मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहून दिले म्हणून कितीतरी माहिती वाचली, हे कबूल केले पाहिजे. तरी ती वाचताना वाटते की, प्रश्न साहेबाचा आहे आणि उत्तर त्याला पुरेल इतकेच आहे.

पुण्यामुंबईकडील काही तरुण मंडळी आता हा फाशांचा खेळ खेळतात. २०२४ साली मुंज्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि गाजला, तेव्हा कोकणातली ही मंडळी पटावर यायला फार दिवस लागणार नाहीत. त्यांच्यात देवचार असेल. देवचार हा गावाच्या शिवेचा राखणदार. रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोहोचवितो असे म्हातारी माणसे सांगतात. आणि वर्षाचे देणे चुकले तर गाव त्याचा राग ओळखतो. त्याची नोंद लिहिताना 'किती घाव सोसतो' हा रकाना कोरा सोडावा लागेल, आणि शेजारी एक नवा रकाना आखून त्यात लिहावे लागेल: वर्षाला एक नारळ, एक कोंबडा, आणि शिवेवरून जाताना त्याचे नाव.